पाचशेच्या पाटीमागे

हैदराबादच्या मी-सेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढायला गेलेला माणूस, नांदेडच्या सेतू केंद्रात सातबारा मागणारा शेतकरी आणि दहावीच्या निकालाची लिंक उघडून बसलेली पुण्यातली मुलगी, या तिघांना बहुधा एकच उत्तर ऐकू येते : ‘सर्व्हर डाउन आहे.’ पडद्यावर मात्र अनेकदा निराळेच लिहिलेले असते : ‘५००, इंटर्नल सर्व्हर एरर’. दोन्हींत मोठा फरक आहे. सर्व्हर खरोखर बंद असता, तर ही पाटी लावायलाही तिथे कोणी नसते. पाटी दिसली याचा अर्थ तुमची मागणी पोचली, ती कोणीतरी हातात घेतली आणि ती पुरी करताना आत काहीतरी मोडले.

हा प्रश्न पाहायला हैदराबाद सोयीचे शहर आहे. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकिंग तंत्रज्ञानासाठी आयडीआरबीटी ही संस्था इथेच स्थापन केली. देशभरातली एटीएम एकमेकांना जोडणारा नॅशनल फायनान्शियल स्विच २००४ मध्ये याच संस्थेने सुरू केला. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्स उभे राहिले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र शहरात आले. १९९९ मध्ये ‘ट्विन्स’ या नावाने एका खिडकीत बिले भरण्याचा प्रयोग झाला, त्यातून २००१ मध्ये ई-सेवा आणि २०११ मध्ये मी-सेवा उभी राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनने आपले भारतातले दुसरे क्लाउड केंद्र इथे सुरू केले. आणि अमीरपेटच्या गल्ल्यांत, मैत्रीवनमच्या आसपास, जावापासून डेव्हऑप्सपर्यंतचे क्लास वर्षानुवर्षे चालू आहेत. मराठवाड्यातून आलेली कितीतरी मुले तिथूनच हायटेक सिटीत शिरली. वेबसाइट बांधणारे, चालवणारे, ते काम शिकवणारे आणि तिच्यावर अडून असणारे, असे चौघेही एका शहरात सापडतात.

या चौघांच्या अनुभवाचा मेळ घातला, तर एक गोष्ट समोर येते. पाचशेची चूक शोधण्याचे तंत्र गेल्या तीस वर्षांत पुरेसे पक्के झाले आहे. गाडे अडते ते दुसरीकडे : लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहिलेली नोंदवही, कोण वाचतो, शेवटचा बदल कोणी आणि कधी केला याची नोंद असते का, आणि बिघाड झाल्यावर तो लोकांना सांगितला जातो का.

आकड्यांचे कुळ

वेब जन्माला येत असतानाच, १९९२ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न प्रयोगशाळेत एचटीटीपीचा जो मसुदा लिहिला, त्यात ५०० हा आकडा होता. १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्याची व्याख्या जाणूनबुजून मोघम ठेवलेली आहे : सर्व्हरपुढे अनपेक्षित परिस्थिती आली आणि मागणी पुरी करता आली नाही. यापलीकडे मानक काहीही सांगत नाही.

चारशेच्या घरातले आकडे मागणाऱ्याची चूक दाखवतात. पत्ता चुकला तर ४०४, परवानगी नसेल तर ४०३. पाचशेच्या घरातली चूक देणाऱ्याची असते. ५०२ म्हणजे पुढच्या सर्व्हरने मागच्याला विचारले आणि मागच्याने भलतेच उत्तर दिले. ५०३ म्हणजे सध्या काम घेऊ शकत नाही, नंतर या. ५०४ म्हणजे मागच्याची वाट पाहून पुढचा कंटाळला. हे तिन्ही आकडे निदान बिघाड कोणत्या बाजूला आहे ते सुचवतात. ५०० मात्र ‘पोटात काहीतरी बिघडलंय’ म्हणणाऱ्या रोग्यासारखा असतो, तपासणी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तरीही हा आकडा अगदीच मुका नाही. ५०० आला म्हणजे नाव शोधणारी डीएनएस यंत्रणा चालू आहे, नेटवर्क चालू आहे, वेब सर्व्हरही जागा आहे. सुरक्षा प्रमाणपत्रही, निदान बाहेरच्या बाजूचे, ठीक आहे. संशयितांची अर्धी यादी तिथेच बाद होते. उरते ते आतले : सेटिंग, प्रोग्राम, डेटाबेस, मेमरी, डिस्क. ‘नेट स्लो असेल’ म्हणून राउटर बंद-चालू करण्यात गेलेली मिनिटे म्हणूनच वाया जातात.

पहिली जागा : लॉग

अपाचे या जुन्या आणि अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरची ५०० ची मूळ पाटी नीट वाचली, तर तिच्यात दोन सूचना सापडतात. एक, सर्व्हरच्या व्यवस्थापकाला अमुक पत्त्यावर कळवा आणि चूक होण्याआधी तुम्ही काय करत होता ते सांगा. दोन, अधिक माहिती सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये मिळू शकेल. डेबियन आणि उबुंटूवर अपाचे जसा येतो तसाच ठेवला, तर त्या पत्त्याच्या जागी ‘वेबमास्टर ॲट लोकलहोस्ट’ असे छापले जाते. म्हणजे तक्रार त्याच यंत्राच्या पोटात पाठवा, जिथे ती उघडायला कोणी नाही. एखाद्या कार्यालयाच्या साइटवर हा पत्ता दिसला, की यंत्रणा बसवल्यानंतर तिच्याकडे कोणी फिरकले नाही हे उघड होते.

दुसरी सूचना मात्र सोन्यासारखी आहे. दुरुस्तीची सुरुवात लॉगपासून होते, अंदाजापासून नव्हे. उबुंटूवर लॉग अपाचे-२ च्या फोल्डरमध्ये असतो, रेड हॅटच्या घराण्यात एचटीटीपीडीच्या. मुरलेला माणूस ‘टेल’ ही आज्ञा लावून लॉग डोळ्यासमोर वाहता ठेवतो आणि दुसऱ्या खिडकीत तीच चूक मुद्दाम घडवून आणतो. नवीन उमटलेली ओळ बहुतेक वेळा गुन्हेगाराचे नाव, फाइल आणि ओळीचा क्रमांकही देते.

लॉगमधला नेहमीचा घोळ वेळेचा असतो. तक्रार आली ‘सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी दाखला अडकला’. लॉगमध्ये त्या वेळेला सारे शांत. कारण क्लाउडवरची बहुतेक यंत्रे जागतिक प्रमाणवेळ पाळतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. शोधायची ओळ ५ वाजून ४० मिनिटांची असते. एका मागणीच्या वाटेत तीन-चार यंत्रे असतील आणि प्रत्येकाचे घड्याळ थोडे थोडे वेगळे असेल, तर कोणत्या ओळीमागे कोणती ओळ हेच ठरत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मागणीला दारातच एक क्रमांक देणे आणि तो शेवटच्या यंत्रापर्यंत सोबत पाठवणे. मग घड्याळे चुकली तरी धागा सुटत नाही.

लॉगमध्ये काहीच सापडले नाही, तर तीही माहितीच असते. एक तर मागणी त्या यंत्रापर्यंत पोचलीच नाही, पुढे उभ्या असलेल्या मध्यस्थ सर्व्हरनेच, म्हणजे प्रॉक्सीनेच, परतवली. किंवा डिस्क भरली आहे आणि लॉग लिहायलाच जागा नाही. किंवा चालू प्रक्रिया लिनक्सने मेमरी संपल्यामुळे मधेच मारून टाकली आणि तिला मरताना काही लिहिता आले नाही. शेवटच्या प्रकरणाचा पुरावा वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये नसतो, कर्नलच्या नोंदीत असतो.

नेहमीचे गुन्हेगार

कारणांची यादी लांब वाटली, तरी प्रत्यक्षात पाच-सहा मंडळींचीच ये-जा असते.

पहिले, सेटिंगची फाइल. अपाचेवर ‘डॉट एचटीॲक्सेस’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये एक अक्षर चुकले, किंवा जे मॉड्यूल बसवलेलेच नाही त्याची आज्ञा लिहिली, की अख्खा फोल्डर ५०० देऊ लागतो. चाचणी झटपट होते : फाइलचे नाव बदलून पाहायचे. साइट उघडली तर चोर सापडला. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर असाच प्रकार ‘वेब डॉट कॉन्फिग’मध्ये घडतो, पण तिथे पोटआकडा मिळतो. ५००.१९ दिसले तर सेटिंगची फाइलच तपासायची.

दुसरे, परवानग्या. फाइल उघडत नाही म्हणून नवखा माणूस वैतागून तिला ‘७७७’ देतो, म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा, कोणीही चालवा. सामायिक होस्टिंगवरच्या अनेक सर्व्हरांना हे असुरक्षित वाटते आणि ते अशी फाइल चालवायलाच नकार देतात. दुरुस्ती करायला गेला आणि ५०० ओढवून बसला. फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ हा जुना नियम आजही पुरतो.

तिसरे, आवृत्तीचा बदल. होस्टिंगवाल्याने पीएचपी ही प्रोग्रामची भाषा ७ वरून ८ वर नेली आणि वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली संस्थेची साइट एका रात्रीत आडवी झाली, ही गोष्ट लहान संस्थांना चांगलीच परिचयाची आहे. साइट बांधणारा मुलगा केव्हाच बंगळुरूला गेलेला असतो आणि त्याने वापरलेली फंक्शन्स नव्या आवृत्तीतून काढून टाकलेली असतात. वर्डप्रेसने २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून एक चांगली सोय केली : गंभीर चूक झाली, की व्यवस्थापकाला ईमेल जाते आणि दोषी प्लगइन बाजूला ठेवून आत शिरता येते. पण ते ईमेल ज्या पत्त्यावर जाते, तो पत्ता चालू हवा.

चौथे, मेमरी. पीएचपीचा लॉग म्हणतो : १३,४२,१७,७२८ बाइट संपले. हा अक्राळविक्राळ आकडा म्हणजे बरोबर १२८ मेगाबाइट, पीएचपीची मूळ मर्यादा. मर्यादा २५६ केली की काम चालते, म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. खरा प्रश्न हा, की एक पान दाखवायला १२८ मेगाबाइट लागलेच कसे? बहुधा कोणीतरी पन्नास नोंदी मागण्याऐवजी सगळे टेबल उचलून आणलेले असते. या वर्षी २५६ पुरेल, टेबल वाढले की पुन्हा तीच पाटी.

पाचवे, डेटाबेसच्या जोडण्या. मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १५१ जोडण्या घेतो. गर्दी झाली म्हणून दहा ॲप सर्व्हर उभे केले आणि प्रत्येकाने वीस-वीस जोडण्या धरल्या, तर मागणी दोनशेची होते. सर्व्हर वाढवले म्हणून साइट पडली, असे उलटे चित्र दिसते.

सहावा गुन्हेगार सगळ्यांत गरीब आणि सगळ्यांत दुर्लक्षित : भरलेली डिस्क. त्यातही एक खोच आहे. जागा मोजणारी ‘डीएफ’ ही आज्ञा लावली तर निम्मी जागा मोकळी दिसते, तरी नवी फाइल बनत नाही. कारण लिनक्समध्ये जागेबरोबर फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते. लाखो चिमुकल्या सेशन फाइली साचल्या, की जागा असूनही हा कोटा संपतो.

नाव मोठे, रकाना छोटा

परदेशी पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळणारे एक कारण आपल्याकडे महत्त्वाचे आहे. हैदराबादच्या सरकारी यंत्रणेत रोमन, तेलुगू आणि उर्दू अशा तीन लिप्यांत नावे येतात. यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षर एक बाइट घेते, उर्दूचे अक्षर दोन, आणि तेलुगू किंवा देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन. इथे चिन्ह म्हणजे अख्खे अक्षर नव्हे : काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात.

‘वेंकटेश्वरराव’ हे नाव घ्या. रोमनमध्ये ते १५ बाइटांत बसते. देवनागरीत त्याची १३ चिन्हे होतात आणि बाइट ३९. तेलुगूतही हिशेब याच घरात जातो. ओरॅकल डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी वेगळे न सांगितल्यास बाइटमध्ये मोजली जाते. रकाना तीसचा असेल, तर रोमनमधले नाव आरामात बसते आणि आपल्या लिपीतले नाव चूक फेकते. प्रोग्रामने ती चूक झेलली नाही, तर नागरिकाला दिसतो ५००. चाचणी करणाऱ्याने ‘टेस्ट’ आणि ‘एबीसी’ भरून पाहिलेले असते, त्यामुळे साइट सुरू होईपर्यंत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तक्रारही विचित्र येते : ‘शेजाऱ्याचा अर्ज गेला, माझा जात नाही.’

मायएसक्यूएलमध्ये याच घराण्यातली वेगळी गंमत आहे. त्याची जुनी ‘यूटीएफ-८’ पद्धत तीन बाइटांपर्यंतच चिन्ह घेते. देवनागरी, तेलुगू बसतात, पण इमोजी चार बाइटांचे. तक्रारीच्या शेवटी कोणी हात जोडलेले चित्र टाकले, की नोंद नाकारली जाते. उपाय जुनाच आहे, ‘यूटीएफ-८ एमबी-४’ ही पद्धत निवडणे. ती २०१० पासून उपलब्ध आहे.

गर्दीचा दिवस

वरचे सगळे बिघाड चुकांचे. गर्दीचा बिघाड वेगळा : प्रोग्राम बरोबर असतो, पण एकाच क्षणी सगळे येतात. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागायचा होता. करोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, निकाल मूल्यमापनावर होता आणि विद्यार्थी सुमारे सोळा लाख. निकालाची संकेतस्थळे बसली आणि मुलांना कित्येक तास गुण दिसले नाहीत. त्याआधी २८ एप्रिल २०२१ ला दुपारी ४ वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन या लसीकरणाच्या पोर्टलवरची नोंदणी खुली झाली, तेव्हाही सुरुवातीला साइट कोलमडली, मग सावरली आणि त्या दिवसात सव्वा कोटींहून अधिक नोंदण्या झाल्या. मे २०२५ मध्ये अकरावीची राज्यभराची ऑनलाइन प्रवेशनोंदणी पहिल्याच दिवशी अडली आणि वेळापत्रक पुढे ढकलावे लागले.

अमेरिकेतही हेच घडले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याची ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ ही साइट सुरू झाली आणि पहिल्या दिवशी नावनोंदणी पुरी करू शकले फक्त सहा जण. सुटकेसाठी आलेल्या अभियंत्यांना आढळले, की साइटच्या आत काय चालले आहे हे दाखवणारी एकत्रित व्यवस्थाच नव्हती. त्यांनी आधी मोजमाप बसवले, मग दुरुस्ती. बैठकांचा नियम असा केला, की हुद्द्याने मोठा तो बोलणार नाही, त्या प्रश्नाची सर्वांत जास्त माहिती असलेला बोलेल. डिसेंबरच्या सुरुवातीला तीच साइट हजारो लोकांना एकाच वेळी सांभाळू लागली.

गर्दीच्या बिघाडात एक दुष्टचक्र असते. पान उघडले नाही की माणूस पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. ॲपही आपोआप पुन्हा विचारते. सर्व्हर दमला असता चौपट काम येऊन पडते. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर अडखळले, तेव्हा ते चालवणाऱ्या एनपीसीआयच्या तपासात हेच निघाले. बँका आणि ॲप्स ‘त्या व्यवहाराचे काय झाले’ अशी विचारणा सतत करत राहिली आणि त्या विचारणांच्या लोंढ्याखाली यंत्रणा दबली. नंतर विचारणांवर मर्यादा आली : दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा. पुन्हा विचारण्याचे योग्य तंत्र सोपे आहे. दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करायचा, आणि सगळ्यांनी एकदम न यावे म्हणून त्यात थोडा कमी-जास्तपणा घालायचा.

निकालाच्या साइटचे तर याहून सोपे उत्तर आहे. निकाल एकदा लागला की बदलत नाही. सोळा लाख पाने आदल्या रात्री तयार करून ठेवली, तर दुपारी १ वाजता डेटाबेसला कोणी विचारायलाच नको. अशा ठिकाणी मोठा सर्व्हर विकत घेण्याआधी हा विचार झाला पाहिजे.

एका संध्याकाळचा धडा

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी ४ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास जगभर पाचशेच्या पाट्या झळकू लागल्या. एक्स आणि चॅटजीपीटीसह असंख्य साइट्स बसल्या. त्या सगळ्यांच्या पुढे उभी असलेली क्लाउडफ्लेअर ही कंपनी अडखळली होती. तिने त्याच दिवशी सविस्तर कारणमीमांसा प्रसिद्ध केली, म्हणून हे प्रकरण शिकण्यासारखे झाले.

डेटाबेसच्या परवानग्यांत एक बदल झाला. त्यामुळे एक चौकशी (क्वेरी) त्याच ओळी पुन्हा पुन्हा देऊ लागली. तिच्यावरून बनणारी, बॉट ओळखण्यासाठीची फाइल दुपटीहून मोठी झाली. ती वाचणाऱ्या प्रोग्रामने २०० वैशिष्ट्यांची (फीचर्सची) मर्यादा गृहीत धरली होती, नेहमी साठेकच असत. मर्यादा ओलांडताच प्रोग्राम मोडून पडला आणि बाहेर ५०० दिसला. फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने बनत होती आणि डेटाबेसच्या काही यंत्रांवरच बदल पोचला होता, म्हणून कधी चांगली फाइल निघे, कधी वाईट. साइट मधेच सावरे, पुन्हा पडे. अभियंत्यांना आधी हल्ल्याचा संशय आला. त्यातच, कंपनीच्या यंत्रणेबाहेर ठेवलेले स्थितिदर्शक पानही त्याच वेळी योगायोगाने बंद पडले आणि संशय पक्का वाटू लागला. शेवटी जुनी, चांगली फाइल परत बसवली आणि रात्री ८ च्या सुमारास बहुतांश वाहतूक सुरळीत झाली.

यातले तीन धडे लहानातल्या लहान साइटलाही लागू पडतात. बिघाडाआधी काय बदलले, हा पहिला प्रश्न. हल्ला हा शेवटचा. ये-जा करणारी चूक दिसली, की यंत्रांपैकी काही जुनी, काही नवी आहेत का ते पाहावे. आणि जुनी आवृत्ती परत बसवण्याची वाट आधीच तयार हवी.

कशावर एकमत नाही

बिघाडाचा तपशील पाटीवर दाखवावा की लपवावा? एके काळी मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचे पिवळे पान फाइलींचे मार्ग आणि प्रोग्रामच्या ओळी उघड्यावर मांडत असे. घुसखोराला एवढे पुरते. म्हणून बाहेर तपशील द्यायचा नाही, यावर आज जवळपास एकमत आहे. पण अनेकांनी यातला अर्धाच भाग घेतला : बाहेर मौन पाळले आणि आतही काही लिहून ठेवले नाही. बाहेर फक्त एक संदर्भ क्रमांक आणि आत त्या क्रमांकाखाली सगळा पंचनामा, ही रीत दोन्ही बाजूंना न्याय देते.

दुसरा वाद रीस्टार्टचा. ‘रीस्टार्ट मार’ हा हायटेक सिटीपासून तालुक्याच्या कार्यालयापर्यंतचा पहिला उपाय. लोक खोळंबलेले असताना तो चूकही म्हणता येत नाही. पण रीस्टार्टबरोबर मेमरीतले पुरावे पुसले जातात आणि चूक पुढच्या मंगळवारी पुन्हा उभी राहते. आधी दोन मिनिटे काढून प्रक्रियांची यादी, मेमरी आणि लॉगची प्रत बाजूला ठेवावी, मग रीस्टार्ट करावे, हा मधला मार्ग.

तिसरा वाद क्लाउडचा. शहरातच ॲमेझॉनचे केंद्र आले, आता साइट पडणार नाहीत, असे विक्रेते सुचवतात. क्लाउड वीज, डिस्क आणि यंत्राची चिंता कमी करतो. छोटा रकाना, हावरी चौकशी किंवा चुकलेली सेटिंग फाइल तो तशीच चालवतो. आणि त्याचेही स्वतःचे बिघाड असतात. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात डीएनएसची एक नोंद रिकामी झाली आणि अर्ध्या जगाच्या ॲप्सना धक्का बसला.

खिडकीबाहेरच्या माणसाने काय करावे

५०० दिसले तर चूक आपली नाही, एवढे पक्के धरावे. ब्राउझर बदलून, मोबाइलचे नेट वापरून फारसा फरक पडत नाही. नुसते पान पाहायचे असेल तर थोड्या वेळाने पुन्हा उघडायला हरकत नाही. अर्ज किंवा पैसे पाठवताना मात्र पुन्हा बटण दाबण्याआधी थांबावे. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, असे नसते : नोंद झाली आणि पावती बनवताना यंत्रणा मोडली, असेही होते. आधी ‘माझे अर्ज’ आणि बँकेचा संदेश पाहावा.

यूपीआयने दुकानदाराला किंवा पोर्टलला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि पलीकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तक्रार करताना पडद्याचा फोटो, वेळ मिनिटासह, अर्ज क्रमांक आणि नेमके कोणते बटण दाबले, एवढे लिहावे. ‘साइट चालत नाही’ या तक्रारीवर लॉगमध्ये काही शोधता येत नाही. ‘११ वाजून १० मिनिटांनी, पैसे भरल्यावर’ एवढे कळले की शोधता येते.

आता जबाबदारीचे

या लेखातल्या बहुतेक दुरुस्त्या अमीरपेटच्या तीन महिन्यांच्या क्लासमध्ये शिकवता येतात. मग त्याच साइट्स त्याच दिवशी त्याच रीतीने का पडतात? कारण साइट बांधण्याचे कंत्राट निघते, चालवण्याचे नाव नसते. तेलंगणात २९ ऑक्टोबर २०२० ला धरणी पोर्टल आले, शेतजमिनीची नोंदणी आणि फेरफार तहसील कार्यालयात एकाच बैठकीत त्यावर होऊ लागले. १४ एप्रिल २०२५ ला त्याची जागा भू-भारतीने घेतली. धोरणाचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : जमिनीचा हक्क जेव्हा एका पोर्टलवर अवलंबून असतो, तेव्हा त्या पोर्टलचा ५०० हा तांत्रिक तपशील राहत नाही. नोंदणीसाठी मजुरी बुडवून, गाडीभाडे भरून आलेल्या माणसाचा तो दिवस असतो.

कायद्याने पाया घातलेला आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. हे सुरक्षेसाठी सांगितले असले, तरी पाचशेची चूक शोधायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. त्यावर तीन गोष्टींची भर घातली पाहिजे आणि त्या निविदेतच लिहिल्या पाहिजेत. पाटीवर संदर्भ क्रमांक आणि उत्तर देणारा खरा पत्ता असावा. गर्दीच्या दिवसाआधी आपल्या लिपीतली लांब नावे भरून आणि अपेक्षित गर्दी उभी करून चाचणी व्हावी. आणि साइट पडली तर आठवड्याच्या आत काय बिघडले, का बिघडले आणि काय बदलले, हे साध्या भाषेत जाहीर व्हावे. क्लाउडफ्लेअरसारखी खासगी कंपनी स्वतःची नामुष्की त्याच दिवशी लिहून काढू शकते, तर लोकांच्या पैशावर चालणाऱ्या पोर्टलला आठवडा पुरेसा आहे. तेवढे झाले, तर पुढच्या निकालाच्या दिवशी तीच चूक निदान दुसऱ्यांदा होणार नाही.